पेटीतली बाळं आणि दाराबाहेरचा जप

‘जुळं झालं, पण सातव्यातच. दोघांनाही पेटीत ठेवलंय.’ असं फोनवर सांगितलं की पलीकडचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘देवावर हवाला ठेवा.’ मग कोणी पोथी लावतं, कोणी कुलदेवीला नवस बोलतं, कोणी पेटीत ठेवायला अंगाऱ्याची पुडी पाठवतं. सटवीच्या रात्री कोरा कागद आणि लेखणी मांडायची तर बाळ घरात हवं. ते नसतं, म्हणून आजी नुसताच दिवा लावून बसते. शिकलेला माणूस हे पाहून एक तर गहिवरतो, नाही तर नाक मुरडतो. दोन्हींत एक गोष्ट सुटते. आईबाप देवाकडे वळतात त्यात भोळेपणाचा वाटा थोडा असतो. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराचा वाटा त्याहून बराच मोठा. ज्याच्या हाताला काही काम दिलेलं नाही, तो माळच ओढणार.

आधी हिशेब सरळ मांडू. 37 आठवड्यांच्या आत झालेला जन्म अकाली धरतात. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक आणि तिळ्यांतली जवळजवळ सगळी बाळं अशी लवकर येतात, आणि एकाहून जास्त भ्रूण सोडले जाणाऱ्या वंध्यत्व उपचारांनी अशा गर्भारपणांत भर घातली आहे. 2020 साली भारतात 30 लाखांवर मुलं अकाली जन्मली, जगात सर्वाधिक. सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही, हा घराघरांतला समज साफ उलटा आहे : पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या बाजूनेच मोजला जातो. ही बाळं जगतात ती का, हेही गूढ नाही. प्रसूतीआधी आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 साली दाखवलं. त्याच्या जोडीला ऊब, श्वासाला आधार, स्वच्छ हात आणि आईचं दूध. प्रार्थनेचं म्हणाल तर तीही तपासून झाली आहे. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवरचा अमेरिकेतला मोठा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. परक्यांनी केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंत कमी झाली नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली.

म्हणजे जपाने बाळ वाचत नाही. पण जप करणाऱ्याचं काय होतं, हा वेगळा प्रश्न आहे, आणि जुळ्यांच्या बाबतीत तो फार टोकदार होतो. एक बाळ 1,400 ग्रॅमचं, दुसरं 900 ग्रॅमचं. एक घरी येतं, दुसरं येत नाही. पहिलं ‘देवाने राखलं’ म्हटलं, की दुसऱ्याचं काय, हे त्याच वाक्यात दडलेलं असतं. नवस दोघांसाठी एकच होता, पोथी एकच होती. शेजारीण सहज म्हणून जाते, ‘तुझ्या श्रद्धेला फळ आलं,’ आणि आई मनातल्या मनात उरलेला हिशेब करत राहते : कुठे कमी पडले? वर्तमानपत्रांनाही अशा बातमीवर ‘चमत्कार’ हा शब्द टाकायची घाई असते. त्या शब्दाखाली रात्रपाळीची सिस्टर झाकली जाते, आणि न वाचलेल्या बाळाची आई गुन्हेगार ठरते. याउलट रोजचा दिवस निभावण्यापुरती श्रद्धा असेल, उद्या पुन्हा उठून दूध काढायचं बळ तिच्यातून येत असेल, तर तिच्यावर हसण्याचा अधिकार कुणाला नाही.

आता त्या दाराकडे येऊ. आई सिझेरियननंतर दुसऱ्या मजल्यावर, बाळं अतिदक्षता विभागात, बाप औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यावर. काचेतून दिवसातून एकदा दर्शन; शब्दही देवळातलाच. ही विभागणी शास्त्राने सांगितलेली नाही. 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधायला सुरुवात केली. तीच ‘कांगारू मदर केअर’. बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर ती सुरू करावी का, हे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत 3,211 बाळांवर तपासलं गेलं. दिल्लीचं सफदरजंग त्यांतलं एक. 2021 साली आलेला निकाल असा : एक किलो ते 1,800 ग्रॅमच्या आतल्या बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू नेहमीच्या पद्धतीत 15.7 टक्के, तर लगेच छातीशी घेतलेल्यांत 12 टक्के. दिवसाचे सुमारे 17 तास बाळ अंगावर होतं. जुळ्या-तिळ्यांच्या आईला 17 तास आणायचे कुठून? छाती एकच आहे. इथे बाप हवा, मावशी हवी, आजी हवी, आणि नेमकी हीच माणसं दाराबाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसलेली असतात. इतकं मनुष्यबळ आपण रोज बाकावर वाया घालवतो.

यावर पहिला आक्षेप जंतुसंसर्गाचा, आणि तो गंभीर आहे. पण त्याच पाहणीत संसर्गाचा संशय आलेली बाळं छातीशी घेतलेल्या गटात कमी होती. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आईवडिलांना हात धुण्यापासून शिकवून आत घेतलं, तेव्हा संसर्ग वाढला नाही आणि स्तनपान मात्र वाढलं. केंद्राने 2017 साली कुटुंबाच्या सहभागाची मार्गदर्शक तत्त्वं काढली ती याच अनुभवावर. दुसरा आक्षेप गर्दीचा : एका सिस्टरकडे इतकी बाळं, त्यात नातेवाइकांना कोण शिकवणार? शिकवायला वेळ जातो हे कबूल. पण शिकलेली आजी तास-दोन तास बाळ छातीशी धरून बसली तर तो वेळ परतही मिळतो. तिसरा आक्षेप विवेकवाद्यांचा. देवभोळ्यांना आत घ्याल तर अंगारा, गंडेदोरेही आत येतील, असं त्यांचं म्हणणं. इथे महाराष्ट्राच्या 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याकडे पाहावं. त्यात पूजा, वारी, प्रदक्षिणा गुन्हा नाही. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र मारणं हा गुन्हा आहे. रेघ श्रद्धेवर ओढलेली नाही, उपचाराच्या आड येण्यावर ओढलेली आहे. विभागाच्या दारातही तीच रेघ पुरेल : जप मनात चालू द्या, पुडी बाहेर ठेवा, कोपरापर्यंत हात धुवा.

आणि जिथे श्रद्धा खरोखर आड येते तिथे बोललंच पाहिजे. 1,200 ग्रॅमच्या बाळाला दर दोन तासांनी नळीने जे चार-दोन मिली दूध जातं, त्याच्या आधी जिभेला लावलेलं मधाचं किंवा गुटीचं बोट त्याच्या कच्च्या आतड्याला महागात पडू शकतं. आईचं दूध अजून उतरलं नसेल तर उपाय दूधपेढीत आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. पण खरी जोखीम बाळं घरी आल्यावरची. देवाने दिली, आता काळजी नाही, असं म्हणत नवस फेडायला गाडी ठरते, आणि डोळ्यांची तपासणी राहून जाते. दोन किलोच्या आतल्या किंवा 34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा दृष्टिपटल तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचा असतो, फार लहान असेल तर त्याहूनही आधी. वेळेत लेझर मिळालं तर वाचणारी नजर महिना-दीड महिन्याच्या उशिराने कायमची जाऊ शकते. बाळ वरून अगदी ठणठणीत दिसत असतं, दूध पीत असतं, वजन धरत असतं. घरात कालनिर्णयवर संकष्टी छापलेली असते; ही तारीख त्याच पानावर, घरी सोडण्याच्या आधी, सिस्टरने हाताने लिहून द्यायला हवी. जुळी असतील तर दोघांचीही.