उभ्या दुचाकीचा विमा: काय थांबवावे, काय थांबवू नये

जूनचा पहिला आठवडा आला की मोटारसायकलवाल्यांच्या गप्पांत एक युक्तिवाद हमखास निघतो. गाडी आता थेट दसऱ्यापर्यंत ताडपत्रीखाली. घाटात जायचे नाही, लांबची राइड नाही. मग त्या चार महिन्यांचे विम्याचे पैसे कंपनीच्या घशात का घालायचे? पॉलिसी संपत असेल तर संपू द्यावी आणि ऑक्टोबरात गाडी बाहेर काढताना नवी घ्यावी. मुंबईचा चाकरमानी गावी ठेवलेल्या गाडीबद्दल हेच बोलतो. ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात फिरते, एरवी पडवीत उभी असते.

या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे. वर्षातले चार-सहा महिनेच चालणाऱ्या गाडीकडून रोज कामावर जाणाऱ्या गाडीइतकाच हप्ता घेणे न्यायाचे नाही. पण त्यावर जो उपाय सुचवला जातो तो घातक आहे. आणि विमा कंपनीच्या काउंटरवर मिळणारे ठरीव उत्तर, ‘विमा वर्षाचाच असतो, त्यात काही करता येत नाही’, हेही खरे नाही. दोन्ही म्हणणी तपासून बाजूला सारल्याशिवाय हंगामी स्वाराला वाट सापडणार नाही.

आधी पैशांचे बोलू. दुचाकीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा विमा आणि ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीचा. पहिला कायद्याने बंधनकारक आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेले वार्षिक दर असे: ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, त्यापुढे १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २,८०४. यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ३४९ सीसीच्या बुलेटला वर्षाचे साधारण १,६१२ रुपये पडतात, दिवसाला साडेचार रुपयांहूनही कमी. चार महिने विमा न ठेवून वाचतात सुमारे ५४० रुपये. घरातली स्कूटर असेल तर तीनशेसुद्धा नाहीत.

आणि एवढ्यासाठी धोका कोणता पत्करायचा? विमा नसलेली गाडी रस्त्यावर सापडली तर पहिल्या वेळी २,००० आणि पुन्हा सापडली तर ४,००० रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पण दंडाची धास्ती मला दुय्यम वाटते. खरी भीती आहे ती घरात टांगलेल्या किल्लीची. गाडी आपण चालवत नाही, याचा अर्थ ती कोणीच चालवत नाही असा होत नाही. भाचा एसटी स्टँडवर पाहुण्याला आणायला जातो, शेजारचा मुलगा औषध आणायला मागून नेतो. वाटेत कोणी म्हातारे माणूस आडवे आले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे गाडीचा मालक म्हणून आपण उभे असतो. ‘मी तर मुंबईत होतो’ हा बचाव तिथे चालत नाही. मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर भरपाईला वरची मर्यादा नाही. ती जखमी माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ठरते. चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख द्यावे लागतात, ही तरतूद मोटार वाहन कायद्याच्या १६४ व्या कलमात आहे. थर्ड पार्टी विमा असेल तर हे पैसे कंपनी देते. नसेल तर मालकाचे शेत, घर, पगार यांवर टाच येते. आणि मालकाकडेही काही नसेल, तर निकाल हातात असूनही ज्याचा पाय गेला त्याला काहीच मिळत नाही. ५४० रुपये वाचवणाऱ्या माणसाने या जखमीचा विचार करावा, असे मला कळकळीने सांगायचे आहे. थर्ड पार्टीचा हप्ता भरतो आपण, पण तो विमा त्या माणसाचा आहे.

‘पण गाडी उभीच असेल, किल्लीही माझ्याच खिशात असेल तर?’ असे विचारणाऱ्यांना महाराष्ट्रातलाच एक खटला सांगतो. १९८७ साली पुणे-बंगळुरू महामार्गावर सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर रस्त्याच्या कडेला कलंडला. काही तासांनी गळालेल्या पेट्रोलचा भडका उडाला आणि तिथे जमलेली माणसे दगावली. टँकर तेव्हा हलत नव्हता, सबब तो ‘वापरात’ नव्हता, असा युक्तिवाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला. थांबलेले, बंद पडलेले वाहनसुद्धा कायद्याच्या अर्थाने वापरात असू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. टँकरची बरोबरी दुचाकीशी करण्याचा माझा हेतू नाही. पण रस्त्याच्या कडेला किंवा सोसायटीबाहेर उभी केलेली गाडी विम्याच्या कक्षेबाहेर गेली, असे मनाशी धरून बसलेल्यांनी हा निकाल विसरू नये.

आता दुसरा भाग, आपल्या गाडीचा. उभ्या गाडीला टक्कर होत नाही हे कबूल. पण चोरी उभ्याच गाडीची होते. वीज, आग, पडलेले झाड आणि पूर यांना गाडी चालू आहे की बंद याच्याशी देणेघेणे नसते. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले तेव्हा दारात, दुकानात, पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दुचाक्या पाण्याखाली गेल्या. ज्यांचा ओन डॅमेज विमा चालू होता त्यांना निदान दावा तरी करता आला. (अशा वेळी पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी असताना स्टार्टर दाबला आणि आतले भाग वाकले, तर ते नुकसान पुराचे नव्हे, तुमच्या करणीचे असे म्हणून कंपनी हात वर करू शकते. ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्यावी.) म्हणजे ज्या पावसाळ्यात विमा नको असे म्हटले जाते, त्याच पावसाळ्यात उभ्या गाडीवरचा धोका सर्वांत मोठा असतो.

विमा मध्येच खंडित केला की आणखी एक किंमत मोजावी लागते आणि तिचा हिशेब फार थोडे लोक मांडतात. दावा न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या हप्त्यात नो क्लेम बोनस मिळतो. तो २०, २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर पोहोचतो. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर हा सगळा बोनस जातो. जून ते सप्टेंबर हे दिवस भरतात १२२. समजा, बोनसशिवाय ओन डॅमेजचा हप्ता ४,००० रुपये आहे आणि तुम्ही पन्नास टक्के बोनसवर २,००० भरता. चार महिने विमा न घेऊन तुम्ही वाचवले ६६७ रुपये. बोनस गेल्यावर, मूळ हप्ता तेवढाच राहतो असे धरले तर, पुढच्या पाच वर्षांत भराल ४,०००, मग ३,२००, ३,०००, २,६०० आणि २,२००. दरवर्षीच्या दोन हजारांपेक्षा हे एकूण ५,००० रुपये जास्त झाले. शिवाय खंड पडलेली पॉलिसी पुन्हा घेताना गाडीची तपासणी करून घ्यावी लागते, ती वेगळी.

इथवर स्वारांची बाजू खोडली. आता विमा कंपन्यांची.

‘वर्षाचा हप्ता वर्षासाठीच, त्यात हंगाम वगैरे काही नसते’ हे सांगणाऱ्यांनी आपल्याच धंद्याची जुनी पुस्तके उघडावीत. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये उभ्या करून ठेवलेल्या गाड्यांसाठी पुरवणी कलम आहे, क्रमांक ११. त्याचा आशय असा: मालकाने गाडी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गॅरेजमध्ये उभी राहणार असे कळवले, तर त्या काळात पॉलिसीची बाकीची जबाबदारी स्थगित होते. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगल, वादळ, पूर, भूकंप यांचे संरक्षण मात्र चालू राहते. त्या बदल्यात ठरलेली रक्कम पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून वजा होते किंवा पॉलिसीची मुदत वाढवून मिळते. ही माझी कल्पना नव्हे, भारतीय विमा व्यवसायाने स्वतः छापलेली तरतूद आहे. २००७ पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, तरी या टॅरिफची कलमे आजही पॉलिसींच्या पानांत उद्धृत होतात. हे एकच कलम मात्र ग्राहकाला कोणी आपणहून सांगत नाही.

त्या जुन्या कलमात एक खोट होती, हेही मान्य करायला हवे. ते थर्ड पार्टीची जबाबदारीसुद्धा स्थगित करत असे. म्हणजे भाच्याने किल्ली घेतली की पुन्हा तोच जखमी म्हातारा आणि तीच रिकामी तिजोरी. पण ही अडचण आता उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो आणि १ सप्टेंबर २०१९ पासून ओन डॅमेजची पॉलिसी स्वतंत्र मिळते. दोन्ही भाग कागदावरच वेगळे झाले आहेत. तेव्हा थर्ड पार्टी बारा महिने अखंड ठेवून फक्त ओन डॅमेजमधला रस्त्यावरच्या अपघाताचा भाग हंगामापुरता थांबवणे आज पूर्वीपेक्षा सोपे आहे. माझी मागणी एवढीच आहे. जोखीम जी खरोखर थांबते, तिचेच पैसे थांबावेत. चोरीची, पुराची, आगीची आणि परक्या माणसाची जोखीम थांबत नाही, तिचे पैसे भरावेत.

‘चालवाल तेवढे भरा’ ही सोय आहेच की, असे कोणी म्हणेल. विमा नियामक आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्ये तिला परवानगी दिली, हे चांगलेच केले. पण ती किलोमीटरवर चालते आणि हंगामी स्वाराचा प्रश्न महिन्यांचा आहे. पुण्याहून लेहला जाऊन परत यायचे तर एकाच दौऱ्यात चार हजारांहून जास्त किलोमीटर होतात. पुढचे आठ महिने गाडी हलली नाही तरी कमी किलोमीटरची मर्यादा त्या एका दौऱ्यातच संपते. रोज दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्यासाठी ती योजना ठीक आहे, या स्वारासाठी नाही.

महिन्यांवर चालणारी व्यवस्था कशी असते, हे पाहायचे तर जर्मनीतल्या मोटारसायकलची नंबर प्लेट पाहावी. तिच्या उजव्या कडेला दोन छोटे आकडे एकावर एक छापलेले असतात, मध्ये आडवी रेघ. वर ०४ आणि खाली १० असेल, तर ही गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने रस्त्यावर येणार. हिवाळ्यात तिकडे रस्त्यावर बर्फ आणि मीठ असते, दुचाकी चालवणे नकोसे होते, म्हणून १९९७ पासून ही हंगामी नंबर प्लेट मिळते. किमान दोन महिने, जास्तीत जास्त अकरा. कर आणि विमा तेवढ्या महिन्यांचाच. उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही, ती खासगी जागेत ठेवावी लागते आणि तिथे तिला चोरी-आगीसारख्या जोखमींचे मर्यादित संरक्षण मिळते. आपल्याकडे प्लेट बदलण्याची गरज नाही, पॉलिसीवर दोन तारखा छापल्या तरी पुरे.

यावर शंका येते ती फसवणुकीची. लोक गाडी उभी आहे असे सांगतील आणि फिरवतील. फिरवोत. बंद काळात धडकून गाडीचे नुकसान झाले तर दावा नामंजूर होईल, तोटा त्यांचाच. रस्त्यावरच्या परक्या माणसाचे संरक्षण थर्ड पार्टीमुळे शाबूत राहील, म्हणून तर ती थांबवायची नाही. मीटरच्या आकड्याचा एक फोटो सुरुवातीला आणि एक शेवटी मोबाइलवरून घेतला की पडताळणी झाली. विमा खंडित झालेल्या गाडीची तपासणी कंपन्या आज असेच फोटो मागवून करतात.

हे नियामकाने सक्तीचे करायला हवे आणि तोवर स्वारांनी मागायला हवे. मे महिन्यात कंपनीला लेखी कळवावे: पॉलिसी क्रमांक, गाडी कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आणि कुठे उभी राहणार, मीटरचा आकडा आणि टॅरिफच्या ११ व्या पुरवणी कलमाप्रमाणे ओन डॅमेजमध्ये सवलत किंवा मुदतवाढ मिळावी ही विनंती. थर्ड पार्टी विमा अखंड चालू ठेवावा, हे वेगळ्या ओळीत लिहावे. नकार आला तर कारणासह लेखी मागावा. महिनाभर उत्तरच आले नाही किंवा पटण्याजोगे आले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची कार्यालये मुंबईत आणि पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.