बी पेरणाऱ्याची कैफियत

"फांदी आणायची, कुंडीत खोचायची, संपलं! हे बी-बियाणं कशाला काढून बसलाय?"

हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारला याची मोजदाद मी सोडून दिली आहे. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारला, मग दूधवाल्यानं, मग आमच्या व्याह्यांनी. व्याह्यांनी तर त्याला 'या वयात' अशी शेपूटही जोडली. वय अडुसष्ट. या वयात माणसानं रेडीमेड झाड आणावं, रेडीमेड फूल बघावं आणि वेळेवर जेवावं, असा त्यांचा एकूण सूर होता.

झाड म्हणजे ब्रुग्मान्शिया. उटीला गेला असाल तर एखाद्या बंगल्याच्या कुंपणावर पाहिलं असेल. वीतभराहून लांब फुलं खाली तोंड करून कंदिलासारखी लोंबतात आणि दिवेलागणीला असा वास सोडतात की रस्त्यानं जाणारा माणूस काम विसरतो. साहेबलोक त्याला देवदूतांची तुतारी म्हणतात. त्यावर हिचा शेरा : "खाली तोंड करून कोण तुतारी वाजवतं?" बाकी झाडाला नाव एका डच पंडिताचं. ब्रुग्मान्स या प्राध्यापकाच्या सन्मानार्थ 1805 साली पेर्सून नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं ते ठेवलं. उखाण्यात घ्यायला अवघड आहे, पण माणूस वाईट नसावा.

माझ्यावर पहिला आरोप असा की बियांच्या नादात मी फसलो. कबूल. एका प्रदर्शनातून मी रंगीत चित्राचं पाकीट आणलं. चित्रात गुलाबी फुलं लोंबत होती. पेरलं, आठवड्या-दोन आठवड्यांत उगवलं, भराभरा वाढलं. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग फूल आलं. ते लोंबायच्या ऐवजी ताठ मानेनं आभाळाकडे बघत उभं राहिलं आणि मागोमाग काटेरी फळ धरलं. धोत्रा! महाशिवरात्रीला शंकराला वाहतात तो, आमच्या गल्लीच्या उकिरड्यावर फुकट उगवणारा धोत्रा मी पैसे मोजून आणून, खत घालून, नातवासारखा वाढवला होता. हिनं फक्त एवढंच म्हटलं, "सोमवार आहे, वाहून टाका."

पण यात बीचा काय दोष? दोष माझ्या अडाणीपणाचा. धोत्र्याचं बी चपटं, बारीक, कानाच्या पाळीच्या आकाराचं. ब्रुग्मान्शियाचं चांगलं जाडजूड, कोनाकोनांचं, वरून बुचाच्या लाकडासारखं हलकं साल ल्यालेलं. हे मला तेव्हा ठाऊक असतं तर पाकीट तिथल्या तिथे परत केलं असतं. आता ठाऊक आहे. फांदी खोचणाऱ्याला आयुष्यात कळणार नाही.

मग बँकेतले माझे एक जुने सहकारी मदतीला आले. ते निवृत्तीनंतर मुलाकडे कुन्नूरला राहतात. त्यांच्या बागेत दोन वेगवेगळी झाडं आहेत. दोन का? तर एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला सहसा चालत नाही. सगोत्र विवाह वर्ज्य! त्यामुळे एकाच झाडाच्या फांद्या लावलेली पन्नास झाडं असली तरी ती पन्नास नव्हेत, एकच. ओळीनं उभी राहून एकमेकांकडे बघत बसतात, फळाचं नाव नाही. सहकाऱ्यांनी कुंचल्यानं इकडचा पराग तिकडे लावला, फळ पिकायला महिनोन् महिने थांबले आणि मला आठ बिया पोस्टानं पाठवल्या.

त्या मी दिवसभर कोमट पाण्यात भिजवल्या. साल मऊ झाल्यावर नखानं हलक्या हातानं सोलली. (नंतर हात साबणानं धुवायचे, का ते पुढे सांगतो.) ओलसर कोकोपीटमध्ये बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल टाकल्या, वर प्लॅस्टिकची पिशवी. आणि वाट बघणं सुरू. रोज सकाळी चहाच्या आधी मी पिशवीत डोकावत असे. पंधरा दिवस काही नाही. अठराव्या दिवशी हिनं त्या कुंडीत कोथिंबीर लावायचा प्रस्ताव मांडला. तेविसाव्या दिवशी माती किंचित उचलली गेली आणि एक फिकट हिरवी मान वाकून बाहेर आली. डोक्यावर बीचं टरफल तसंच, मुंजीतल्या बटूच्या टोपीसारखं. फांदीवाल्यांनो, हा क्षण तुम्ही कुठल्या नर्सरीतून आणणार आहात?

आठातल्या चार उगवल्या. एक बुंध्याशी कुजून गेली, एक कबुतरानं उपटली. राहिल्या दोन.

फांदीनं झाड लवकर फुलतं, हे खरं आहे. हुबेहूब तेच फूल हवं असेल तर फांदीच लावायला हवी, बीला तो भरवसा नाही, हेही खरं. माझं भांडण नेमकं इथेच आहे. हुबेहूब तेच का हवं? आमच्या दोन झाडांची पानंसुद्धा सारखी नाहीत. सख्खी भावंडं, पण एक उंच शिडशिडीत, दुसरं ठेंगणं आणि पाण्याला हपापलेलं. कोण कसलं फूल देणार हे सांगायला ज्योतिषी नव्हता, आणि अडुसष्टाव्या वर्षी माझ्या घरात न ठरलेली अशी ती एवढीच गोष्ट उरली होती. बाकी गोळ्यांच्या वेळासुद्धा कॅलेंडरवर लिहिलेल्या आहेत.

आणखी एक ऐका. या झाडाचं माहेर दक्षिण अमेरिका. तिथल्या रानात आता ते रानटी म्हणून उरलेलं नाही. 2014 साली त्याच्या जाती 'निसर्गातून नामशेष' अशा लाल यादीत नोंदल्या गेल्या. फळ आपण होऊन फुटत नाही. ते खाऊन बिया लांब नेणारी कुठली तरी जनावरं केव्हाच नाहीशी झाली असावीत, असा काही शास्त्रज्ञांचा तर्क आहे. म्हणजे आता हे झाड बीनं पुढे जायचं तर ते माणसाच्या हातूनच. त्या नाहीशा झालेल्या जनावराची जागा मी घेतली आहे, असं मी जेवताना अभिमानानं सांगितलं. हिला त्यात नवीन काही वाटलं नाही.

दुसरा आरोप विषाचा. सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली : 'विषारी झाड आठ दिवसांत हलवावे.' झाड विषारी आहेच. पान, फूल, बी, सगळं. पोटात गेलं तर माणूस भ्रमिष्ट होतो, जिवावरही बेतू शकतं. माझ्यापुरतं सांगायचं तर छाटणी करून मी डोळा चोळला, आणि एक बाहुली रुपयाएवढी झाली. डॉक्टरांनी आधी मेंदूचाच संशय घेतला. मग "घरी काय करत होतात?" हा साधा प्रश्न विचारला आणि हसले. डोळे तपासताना ते थेंब घालतात ना, त्याच जातीचं रसायन या झाडात असतं. तीन दिवस मी एका डोळ्यानं जग पाहिलं. तेव्हापासून हातमोजे, साबण, आणि नातवंडं आली की गच्चीच्या दाराला कुलूप. ज्यांच्या घरात रांगतं मूल आहे त्यांनी हे झाड लावूच नये, हे मी स्वतः सांगतो.

पण नोटिशीखाली ज्यांच्या सह्या होत्या, त्यांनीच फाटकाशी कण्हेर लावली आहे. मागच्या भिंतीला पिवळी कण्हेर आहे, पंपाच्या खोलीशेजारी एरंड आहे. तिन्ही तितकीच जहरी, आणि मुलं तिथेच क्रिकेट खेळतात. ती झाडं कमिटीची म्हणून सात्त्विक आणि माझं मात्र विष? तसं मी लेखी उत्तर दिलं. उत्तर अजून 'विचाराधीन' आहे.

गेल्या पावसाळ्यात उंच झाडाला वर दुबेळकं फुटलं. तसं ते फुटलं की कळी धरायची वेळ आली समजायचं. पेरल्यापासून वर्ष उलटून गेलं होतं. दसऱ्याच्या आसपास पहिलं फूल आलं. आधी पांढरं, मग दोन दिवसांत कडांना जर्दाळूच्या रंगाची झाक. कुन्नूरच्या दोन्ही झाडांना हा रंग नाही. मी फोटो पाठवला तर सहकाऱ्यांनी फोनवर चक्क आवाज चढवला. ठेंगण्यानं अजून काही दिलेलं नाही. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी पितं आणि गप्प बसतं.

त्याच आठवड्यात रात्री नऊला बेल वाजली. दारात सेक्रेटरी.

"वास कुठून येतोय हो?"

मी त्यांना गच्चीवर नेलं. बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "एखादी फांदी मिळेल का?"

फांदी मी दिली नाही. कुन्नूरहून नुकत्याच नव्या बिया आल्या होत्या, त्यातल्या तीन कागदात बांधून दिल्या. भिजवायचं कसं, सोलायचं कसं आणि हात का धुवायचे ते सांगितलं.

"फूल कधी येईल?"

"दीड-दोन वर्षं धरा."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "माझी मुदत संपायला तीन आहेत," म्हणाले आणि पुडी खिशात घालून जिना उतरले. नोटीस अजून फलकावर आहे.