कोयता गावात असतो तेव्हा

माननीय कुलगुरू महोदय,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर.



बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलं. आता निवृत्त आहे. आपल्याकडे मागणं एकच आहे. विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ दर वर्षी २३ ऑगस्टला, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी घ्यावा. ती तारीख कायमची ठरवून टाकावी.

कारण सांगण्याआधी एक प्रसंग सांगते. माझी एक विद्यार्थिनी धारूरकडची. आईवडील दोघंही ऊसतोडीला जाणारे. दसरा झाला की घराला कुलूप लागायचं आणि लेकरं आजीकडे राहायची. ही मुलगी आजीच्या हाताखाली शिकली, बी.ए. झाली, एम.ए. झाली. पदवी घ्यायला मंचावर जायचं ठरलं तो महिना डिसेंबर होता आणि आई होती कोल्हापूरकडच्या एका शिवारात. "मॅडम, माझ्याबरोबर तुम्ही चला," असं ती म्हणाली, म्हणून मी गेले. आईच्या जागेवर मी बसले. तिचं नाव पुकारलं तेव्हा टाळ्या मी वाजवल्या. त्या टाळ्या माझ्या नव्हत्या, हे मला बसल्या जागी कळत होतं.

समारंभ आटोपल्यावर गाऊन परत करायची रांग लागली. त्याआधी तिने घाईघाईने एक फोटो काढून घेतला आणि ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर पाठवला, कारण आईकडे फोन नव्हता. आईने तो फोटो रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आल्यावर पाहिला, तोही मुकादमाच्या हातातल्या फोनमध्ये, उभ्या उभ्या. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, मंडळी गावी आली. मुलीने पेटीतून पदवी काढून आईच्या हातात दिली. आईला वाचता येत नाही. कागद उलटसुलट करत तिने विचारलं, "ह्यात माझं नाव कुठंय गं?" मुलीने गुणपत्रक पुढे केलं आणि आईच्या नावावर तिचंच बोट ठेवलं. हे मला मुलीने सांगितलं, पुष्कळ दिवसांनी.

तो समारंभ कोणत्या विद्यापीठाचा, हे मी लिहीत नाही. कुणा एका कार्यालयाला बोल लावायचा नाही. तारखा सगळीकडे तशाच ठरतात. पाहुण्यांची सवड पाहतात, सभागृह मोकळं आहे का ते पाहतात, प्रमाणपत्रं छापून झाली का ते पाहतात. पदवी घेणाऱ्यांचे आईवडील त्या दिवशी कुठे असतील, हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही, कारण तो विचारायची पद्धतच पडलेली नाही.

आपल्या विद्यापीठाचे चार जिल्हे म्हणजे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव. या पट्ट्यातून, त्यातही बीडमधून सगळ्यात जास्त, लाखो माणसं दर साल सांगली, कोल्हापूर, सातारा आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोटपर्यंत ऊस तोडायला जातात. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतलं एकच माणूस असेल तर तो अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि ती अंगावर फिटेपर्यंत माणूस मुकादमाशी बांधलेला असतो. एक दिवस कामावर आलं नाही तर तो खाडा, आणि खाड्याचा दंड अंगावर चढतो. कोल्हापूरहून संभाजीनगरला यायचं म्हणजे एक रात्र येताना, एक रात्र जाताना आणि मधला एक दिवस. बाई आली की मागे राहिलेला गडी अर्धा कोयता होतो, मोळ्या बांधायला कुणी राहत नाही आणि टोळीची गाडी वेळेत भरत नाही. लेकीची पदवी पाहायची म्हणून आईने टोळीला अडचणीत टाकावं, असं तिच्याकडे मागणार तरी कोण? लेक तर मागतच नाही. माझ्या विद्यार्थिनीने समारंभाची तारीख आईला कळवलीसुद्धा नव्हती. कळवून आईचा जीव खालीवर करायचा कशाला, असं तिचं म्हणणं.

आणि हे फक्त ऊसतोडीचं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे कापसाची वेचणी असते, तुरी काढणीला येतात, ज्वारी-हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं. जालना आणि संभाजीनगरच्या खेड्यांत त्या दिवसांत वेचायला माणूस मिळत नाही. ऑगस्टच्या अखेरीस मात्र खुरपणी बहुतेक उरकलेली असते, कापूस अजून बोंडात असतो, पोळा तोंडावर आलेला असतो. आणि मुख्य म्हणजे कोयता गावात असतो, घराच्या आढ्याला खोचलेला.

आता अडचणी येतील, त्या मलाही दिसतात. पहिली अडचण पाहुण्यांची. महामहिम राज्यपाल कुलपती आहेत, त्यांची वेळ मिळायला हवी. पण २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्याची सोय केलेली आहे. कुलपती उपस्थित असतील तर अध्यक्षस्थान त्यांचं, नसतील तर ते कुलगुरूंचं. दुसरी अडचण निकालांची. उन्हाळी परीक्षांचे निकाल लांबले तर २३ ऑगस्टला पदव्या तयार नसतील, असं परीक्षा विभाग म्हणेल. तसं झालं तर त्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांना पुढच्या ऑगस्टला बोलवा. मुलं थांबतील. आईबाप येणार असतील तर नक्की थांबतील. नोकरीसाठी कागद हवा असेल त्याला तो आधी द्या, पण मंचावर बोलवायचं ते ऑगस्टमध्ये. तिसरी अडचण पावसाची. ती मी मोजतच नाही. मराठवाड्यात पाऊस आला म्हणून कुणी कार्यक्रम वाईट झाला असं म्हणत नाही.

२३ ऑगस्टच का, हेही सांगते. १९५८ साली त्याच तारखेला पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन झालं. त्याआधी इथल्या मुलाची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. तिथली शिकवण्याची भाषा वर्षानुवर्षं उर्दू होती. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला पदवी म्हणजे परक्या गावात परक्या भाषेत मिळवायची गोष्ट होती. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने इथे महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. त्यानंतर आठ वर्षांनी विद्यापीठ आलं. शिक्षण घराजवळ आणण्यासाठीच हे सगळं उभं राहिलं. मग पदवी मिळते तो दिवसही घराजवळ आला पाहिजे. अंतराने तो जवळ आहेच. दिनदर्शिकेत मात्र तो अजून लांब आहे.

या विद्यापीठाच्या नावासाठी लोकांनी काय मोजलं, ते आपल्याला माहीत आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या जळाल्या. त्या हिंसाचारात पोचिराम कांबळे गेले. पुढे १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला लाँग मार्च झाला. त्यानंतरही किती वर्षं गेली. नामांतराच्या लढ्यात गौतम वाघमारे गेले, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. दर वर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जनसागर लोटतो. म्हाताऱ्या बाया पोरांना कडेवर घेऊन येतात, गेटच्या खांबाला हात लावतात, तो हात कपाळाला लावतात. मी कितीतरी वेळा त्या गर्दीत उभी राहिले आहे. गेटला हात लावून माघारी जाणाऱ्या या बायांपैकी किती जणींनी आतलं सभागृह पाहिलं असेल, हा विचार दर वेळी मनात येतो. त्यांच्याच घरातली मुलं आत एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. होत आहेत.

गाऊन म्हणजे काय, हे त्या बायांना सांगावं लागत नाही. बाबासाहेबांची गाऊनमधली तसबीर त्यांच्या भिंतीवर आहे. पण त्या तसबिरीमागची एक गोष्ट मला नेहमी टोचते. सुभेदार रामजी २ फेब्रुवारी १९१३ ला वारले आणि त्याच वर्षी मुलगा न्यूयॉर्कला निघाला. आई भीमाबाई तर तो लहान असतानाच गेलेली. कोलंबियाची एम.ए. १९१५ ची, लंडनची डी.एस्सी. १९२३ ची. यांतलं काहीच ज्यांनी हाडाची काडं केली त्यांना पाहायला मिळालं नाही. १९२७ साली कोलंबियाने पीएच.डी. दिली तेव्हा खुद्द बाबासाहेब इथे होते, महाडच्या सत्याग्रहाच्या त्या वर्षात. जून १९५२ मध्ये मानद एलएल.डी. स्वीकारायला ते स्वतः कोलंबियाला गेले. तोवर पत्नी रमाबाई जाऊन सतरा वर्षं झाली होती. गोवऱ्या थापून ज्या बाईने ते दिवस काढले, तिच्यासमोर तो गाऊन कधी चढला नाही. मधे समुद्र होता आणि मृत्यू होता, त्याला इलाज नव्हता. माझ्या विद्यार्थिनीच्या आणि तिच्या आईच्या मधे फक्त एक तारीख होती.

मोठ्या पाहुण्यांबद्दलही एक सांगते. १९ नोव्हेंबर २०२२ चा आपल्या विद्यापीठाचा दीक्षांत समारंभ महाराष्ट्राला अजून आठवतो. शरद पवार आणि नितीन गडकरी यांना त्या दिवशी मानद डी.लिट. देण्यात आली. नामविस्ताराच्या वेळी मुख्यमंत्री पवारच होते, तेव्हा त्यांचं त्या मंचावर असणं शोभून दिसलं. पण तत्कालीन राज्यपाल भगतसिंह कोश्यारी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल जे बोलले त्यावरून राज्यभर संताप उसळला आणि पुढचे कित्येक दिवस त्याशिवाय दुसरं काही छापून आलं नाही. तो संताप योग्यच होता. मात्र त्या दिवशी पाच-सहा वर्षं प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात घालवून जे डॉक्टर झाले, त्यांचा तो एकुलता एक दिवस होता आणि तो त्यांच्या हातून निसटला. कुणा एकाचंही नाव, गाव, विषय लोकांपर्यंत पोहोचला नाही. मंच जितका मोठ्यांचा होतो तितका तो पदवी घेणाऱ्यांचा कमी होतो, असं मला वाटतं. तारीख कायमची ठरली की पाहुणे तारखेला जुळवून घेतील, आणि ज्यांना जमणार नाही त्यांच्यावाचून अडणार नाही.

तारीख ठरली की दोन गोष्टी आणखी सहज होतील. पहिल्या रांगा पालकांना द्या. आज तिथे निमंत्रित बसतात, सोफ्यांवर. निमंत्रितांना मागून नीट दिसेल, त्यांनी असे समारंभ पुष्कळ पाहिलेले असतात. आणि नाव पुकारताना विद्यार्थ्याच्या नावानंतर आईचं नाव घ्या, मग वडिलांचं, मग आडनाव. राज्य सरकारने १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर हाच क्रम ठरवून दिला आहे आणि तो मे २०२४ पासून लागू आहे. ती मुलं आज शाळेत आहेत, ती पदव्युत्तर पदवीपर्यंत यायला अजून दहा-बारा वर्षं लागतील. आपण त्यांची वाट पाहू नये. ध्वनिक्षेपकावरून आईचं नाव घ्यायला शासन निर्णय लागत नाही.

केज-धारूरहून एसटीने यायला चार-पाच तास लागतात. बाईमाणसाला आता अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तो खर्च झेपेल. आदल्या रात्री वसतिगृहाच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या तर मुक्कामाचीही सोय होईल. आमच्याकडची माणसं सतरंजीवर झोपायला लाजत नाहीत आणि जेवायला पिठलं-भाकरी चालते. गेटपासून सभागृहापर्यंतचं अंतर म्हाताऱ्यांना चालवणार नाही, तेवढी एक गाडी ठेवावी लागेल.

हे सगळं यंदा लगेच होणार नाही, याची मला कल्पना आहे. व्यवस्थापन परिषदेपुढे विषय जाईल, कुणी आकडे मागेल, आणि आकडे कुणाकडेच नसतील. म्हणून सुरुवात एवढ्यापासून करा. पदवी प्रमाणपत्राच्या अर्जात एक रकाना वाढवा आणि त्यात विचारा, "समारंभाच्या दिवशी आईवडील कोणत्या गावी असतील?" उत्तरं जमा झाली की ती तालुकावार मांडून परिषदेपुढे ठेवा. शिरूर कासार, पाटोदा, वडवणी, धारूर इथून आलेले अर्ज सगळ्यात वर ठेवा. पुढे कुणाला काही समजावून सांगावं लागेल असं मला वाटत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका