विषाला औषध म्हणणे बंद करा



कृषी केंद्रात जाऊन आपण काय मागतो? "औषध द्या." औषध माणसाला बरे करते. बाटलीत असते ते विष. या नावालाच आपण फसलो. पऱ्हाटीवर मारून उरलेली बाटली घरी येते, ज्वारीच्या कोठीशेजारी बसते. तेच बाजेतल्या ढेकणांवर, बैलाच्या गोचिडांवर, कुठे तर पोरीच्या डोक्यातल्या उवांवर! सिंदी मेघेत घरोघर फिरताना मी हेच ऐकतो. मी शेतकीचा पदवीधर. कॉलेजात एकरी मात्रा पाठ करून घेतली. उरलेल्या बाटलीचे काय करायचे, हे कोणी शिकवले नाही.

२०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. लगेच बोंब झाली : शेतकरी निष्काळजी, हातमोजे घातले नाहीत! साहेब, भादव्याच्या उकाड्यात, डोक्याएवढ्या पऱ्हाटीत, तोंड बांधून, पाठीवर पंप घेऊन तासभर चालून दाखवा. विकणारा आणि परवाना देणारा निर्दोष कसा? २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेचे जेवण जेवून २३ लेकरे गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. ती लेकरेही निष्काळजी होती काय?

सरकारशी भांडूच, पण घर आजच सावरू. वावरातले विष घरात वापरायचे नाही. ते मूळ बाटलीतच, कुलपात, पोरांपासून दूर. रिकामी बाटली तेलापाण्याला घ्यायची नाही; भोके पाडून निकामी करा. ढेकणांना उकळते पाणी. ज्वारीला कडक ऊन आणि निंबाचा पाला. धान्यात टाकायच्या गोळ्यांचा वायू माणूस मारतो, झोपायच्या घरात त्या नकोतच. झुरळांचा फवारा मारायचाच तर अन्नपाणी झाका, सारे बाहेर व्हा, मग दारे-खिडक्या उघडा. लेबलावर लाल रंग म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवा. पोटात गेले तर ओकारी काढत वेळ घालवू नका. बाटलीसकट सेवाग्राम किंवा सावंगीचा दवाखाना गाठा.

जिल्हा बैठकीत ठराव मांडू : लेबल मोठ्या मराठी अक्षरांत, प्रत्येक बाटलीची पक्की पावती, रिकाम्या बाटल्या कंपनीने परत न्याव्यात, आणि विषबाधेवरचा उतारा प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात. आणि उद्यापासून दुकानात सरळ म्हणा, "विष द्या." म्हणताना जीभ अडखळेल. अडखळू द्या.