धर्मसभा आणि बादशाही कृपा

धर्माचा छळ झाला कीं त्याची हानि होते आणि त्यास राजाश्रय लाभला कीं त्याचा उत्कर्ष होतो, असा सर्वसाधारण समज आहे. रोमन साम्राज्यांतील ख्रिस्ती मंडळीचा चवथ्या शतकांतील इतिहास पाहिल्यास हा समज अर्धाच खरा आहे, असें आमचें मत आहे.

इ. स. ३०३ मध्यें बादशहा डायोक्लीशियन यानें ख्रिस्ती लोकांचा छळ आरंभिला. प्रार्थनामंदिरें पाडलीं, पवित्र ग्रंथ जाळले; तरी मंडळी नष्ट झाली नाहीं. ३१३ मध्यें कॉन्स्टंटाइन व लिसिनियस या बादशहांनीं ख्रिस्ती लोकांस व इतर सर्वांसही आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक दिली. हें कृत्य निःसंशय स्तुत्य होय. परंतु मोकळीक देणें निराळें आणि एका मताच्या पाठीशीं तलवार उभी करणें निराळें.

अलेक्झांड्रिया येथील एरियस नामक धर्मोपदेशक असें शिकवूं लागला कीं, पुत्र हा पित्यानें निर्मिलेला असून पित्याच्या बरोबरीचा नाहीं. हा वाद मिटविण्यासाठीं कॉन्स्टंटाइननें ३२५ सालीं नायसिया येथें धर्मसभा बोलाविली. सुमारें ३०० बिशप जमले. त्यांनीं एरियसचें मत त्याज्य ठरविलें, व तो त्यांचा अधिकारच होता. पण बादशहानें एरियसला आणि सही न करणाऱ्या दोन बिशपांना हद्दपार केलें, तेव्हां विजयी पक्षाला त्यांत कांहीं वावगें दिसलें नाहीं.

त्या शस्त्राची दुसरी धार दहा वर्षांतच दिसून आली. नायसियाच्या मताचा खंदा पुरस्कर्ता, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस, यास ३३५ मध्यें त्याच कॉन्स्टंटाइननें दूर ट्रिअर येथें धाडून दिलें! पुढें त्याचा पुत्र कॉन्स्टंटियस यानें ३५५ सालीं मिलान येथील सभेंत बिशपांवर दडपण आणून अथनेशियसविरुद्ध सह्या घेतल्या. जे नमले नाहींत ते हद्दपार झाले. ४५ वर्षांच्या कारकीर्दींत अथनेशियसला ५ वेळां परागंदा व्हावें लागलें. शतकाच्या अखेरीस तर मजल याहूनही पुढें गेली. कांहीं बिशपांच्याच फिर्यादीवरून बादशहा मॅक्सिमस यानें ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन या ख्रिस्ती बिशपाचा शिरच्छेद करविला. टूर्सचा बिशप मार्टिन यानें त्याच्या प्राणांसाठीं केलेली रदबदली व्यर्थ गेली.

कोणी म्हणेल, बादशहाच्या साहाय्यावांचून इतक्या दूरदूरचे बिशप एकत्र आलेच नसते. हें खरें आहे. बादशहानें प्रवासासाठीं सरकारी वाहनें दिलीं, हा उपकार मान्य केलाच पाहिजे. परंतु सभा भरविण्यास साहाय्य करणें ही सेवा. सभेचा निकाल शिपायांकरवीं लोकांच्या गळीं उतरविणें ही सेवा नव्हे.

दुसरा कोणी म्हणेल, मग बिशपानेंच बादशहावर हुकमत चालवावी. मिलानचा बिशप अँब्रोज याचें उदाहरण या बाबतींत दुहेरी बोध करतें. थेस्सलनीका येथें ३९० मध्यें झालेल्या कत्तलीबद्दल त्यानें थिओडोसियस बादशहास पश्चात्ताप करावयास लाविला; सत्तेपुढें सत्य बोलण्याचें हें धैर्य वंदनीय आहे. पण कॅलिनिकम येथें ख्रिस्ती जमावानें यहुदी लोकांचें सभास्थान जाळलें असतां, तेथील बिशपानें तें बांधून द्यावें, हा त्याच बादशहाचा न्याय्य हुकूम ३८८ मध्यें याच अँब्रोजनें मागें घेवविला. तलवार बादशहाच्या हातीं असो कीं तिची मूठ बिशपाच्या मुठींत असो, दुर्बळाच्या मानेवर ती सारखीच पडते.

विद्यार्थिमित्रहो, आपलें मत खरें आहे अशी खात्री असेल, तर तें निर्भयपणें मांडा. विरोधकाचें म्हणणें युक्तिवादानें खोडून काढा. मात्र त्याचें तोंड बंद करण्यासाठीं सत्ताधाऱ्याचा हात मागूं नका. आज तुमच्या वतीनें उगारलेला तो हात उद्यां तुमच्यावरच पडेल, आणि त्या वेळीं दाद मागण्यास तोंड उरणार नाहीं.