दतिया गेटबाहेरचे शेत कोणाच्या खात्यावर?

झाशीच्या जुन्या शहराला तट होता आणि त्या तटाला दहा दरवाजे होते. त्यांतील अनेकांची नावे शहराबाहेरची आहेत. ओरछा, सागर, भांडेर, उन्नाव, बडागाव आणि दतिया ही सगळी तटापलीकडची गावे, नगरे किंवा संस्थाने. दरवाजातून निघालेली वाट जिथे जाई, त्या ठिकाणाचे नाव दरवाजाला मिळाले. दतिया गेटातून बाहेर पडणारी वाट वायव्येकडे, सुमारे तीस किलोमीटरवरच्या दतियाकडे जाते. आज या दरवाजाच्या आत शहर आहे, बाहेरही शहरच आहे. तरी तिथल्या पत्त्यांमध्ये ‘बाहेर दतिया गेट’ असे अजून लिहिले जाते. तट मागे पडला, वस्ती पुढे गेली, शब्द मात्र जागच्या जागी राहिला. त्या ‘बाहेर’मध्ये एके काळी काय होते आणि ते आत आल्यावर त्याची जबाबदारी कोणी घेतली, हा प्रश्न इतिहासाइतकाच शेतीचाही आहे.

मराठी वाचकाला झाशी परिचित आहे ती राणी लक्ष्मीबाईंमुळे आणि वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मुळे. पण झाशी हे आरंभी शहराचे नाव नव्हते. ओरछाचा राजा बीरसिंहदेव याने १६१३ मध्ये बंगरा नावाच्या खडकाळ टेकडीवर किल्ला बांधला, तेव्हा टेकडीच्या पायथ्याची वस्ती बलवंतनगर म्हणून ओळखली जाई. १७४२ मध्ये मराठ्यांचा सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकराने किल्ला वाढवला. तो वाढीव भाग आजही शंकरगड म्हणून ओळखला जातो. पुढे शहर वाढले आणि बलवंतनगर हे नाव इतिहासाच्या पुस्तकापुरते उरले.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. १८६१ मध्ये इंग्रजांनी झाशी शहर ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिले आणि आपल्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे तटाबाहेरच्या एका खेड्यात नेले. त्याला ‘झाशी नवाबाद’ म्हणजे नव्याने वसवलेली झाशी असे नाव पडले. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत देऊन इंग्रजांनी झाशी शहर पुन्हा घेतले. पंचवीस वर्षे दोन वेगळ्या राज्यांत असलेली ही शेजारची ठिकाणे नंतर एकाच शहरात विरघळली. आज नवाबाद हा झाशीचाच एक भाग आहे. शहराने खेडे गिळले, असे आपण म्हणतो. पण इथे काही काळ जिल्ह्याचा कारभार खेड्यातून चालत होता आणि शहर परक्या सीमेत होते. कोणती जागा गाव आणि कोणती शहर, हे जमीन ठरवत नाही. ते कागद ठरवतो.

जमिनीचा हिशेब मात्र वेगळा असतो. बुंदेलखंडाचा पाया ग्रॅनाइटी खडकाचा. उतारावर भरड, तांबूस राकर, सपाटीला पडुवा, सखल भागात काळी काबर आणि मार. खडकात पाणी फारसे मुरत नाही, म्हणून बांध घालून अडवलेले ताल आणि विहिरी हाच शेतीचा आधार. बुंदेलखंडातील शहरांभोवती विहिरीच्या पाण्यावर भाजीमळे पिकवण्याचे काम काछी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, तर तलावांत शिंगाड्याचे पीक घेतले जाते. शहराची भाजी दरवाजाबाहेरून येई आणि शहराचे खत दरवाजाबाहेर जाई. या देवाणघेवाणीत शहर आणि खेडे ही एकाच संसाराची दोन माणसे होती.

खेडे शहराच्या हद्दीत आले म्हणून शेती एका दिवसात थांबत नाही. घरांच्या मधल्या तुकड्यांत, नाल्याच्या काठाने, विकल्या न गेलेल्या वाटणीत ती कित्येक वर्षे चालू राहते. बदलते ते तिच्याकडे पाहणारे खाते. ग्रामपंचायत विसर्जित होते, गावपातळीवर आखलेला कृषी विस्तार पातळ होतो आणि महापालिकेकडे पिकाचा विचार करणारा विभाग बहुधा नसतो. या पोकळीत किडींचे फावते.

वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीचे उदाहरण घ्यावे. मादी कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी आतून फळ पोखरते आणि कोषावस्थेसाठी मातीत उतरते. एकट्या शेतकऱ्याने क्यूल्यूअरचे सापळे लावले तरी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर रानोमाळ वाढलेला कारल्याचा वेल माश्यांची नवी फौज तयार करत असतो. हा बंदोबस्त परिसरातील सर्वांनी मिळून करायचा असतो. गाव होते तेव्हा चावडीवर तसे ठरवता येत असे. भूखंडाचा मालक दूरच्या शहरात राहू लागल्यावर कोणाला सांगायचे?

दुसरे उदाहरण परागीभवनाचे. दुधी भोपळा आणि दोडका यांची फुले संध्याकाळी उमलतात. नर आणि मादी फुले वेगवेगळी असल्याने कीटकांच्या भेटीशिवाय फळ धरत नाही. डासांसाठी शहरांत धूरफवारणी होते तीही बहुधा संध्याकाळी. डासांचा बंदोबस्त आवश्यकच आहे, त्याविषयी वाद नाही. पण ज्या वॉर्डात अजून भाजीमळे आहेत तिथे धूर कधी आणि कुठे सोडावा, हे आरोग्य विभाग आणि कृषी विभाग यांनी एकत्र बसून ठरवायला हवे. तसेच जुन्या भिंतींच्या भेगांत डंखहीन मधमाश्या आणि सातेरी वसाहत करतात. तटाची आणि दरवाजांची डागडुजी करताना प्रत्येक पोकळी सिमेंटने बुजवण्याआधी तिच्यात कोण राहते ते पाहणे अवघड नाही.

या सगळ्याचे मूळ नोंदीत आहे. उत्तर प्रदेशातील खसऱ्यात प्रत्येक तुकड्याचे पीक लिहिले जाते. महाराष्ट्रात गाव नमुना बारा तेच काम करतो. नगरभूमापन झाले की सातबाऱ्याची जागा मिळकत पत्रिका घेते आणि मिळकत पत्रिकेत पिकाला रकाना नाही. रकाना नसलेले पीक हळूहळू सरकारी नजरेतूनही जाते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे आली. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे वेगळी काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. कर, पाणी, कचरा यांवर भरपूर चर्चा झाली. त्या गावांतील मळे, विहिरी आणि ओढे यांचे पुढे काय, ही चर्चा त्यामानाने थोडीच.

मध्य युरोपात चेक लोकांनी या बाबतीत एक साधी गोष्ट सांभाळली. ब्रनो शहरात १९१९ मध्ये भोवतालची दोन नगरे आणि एकवीस गावे सामील झाली. १९२२ मध्ये प्राग शहरही असेच विस्तारले. पण जमिनीच्या दप्तरात जुन्या गावांची नावे भूमापन क्षेत्रे म्हणून टिकून राहिली. शहर एक झाले, तरी कोणता तुकडा कोणत्या गावाचा हे तिथे आजही सांगता येते.

सामिलीकरणाला विरोध करण्यात अर्थ नाही. पाणी, दवाखाना, शाळा आणि रस्ता यांवर दरवाजाबाहेरच्या माणसाचाही हक्क आहे आणि जमीन विकून मुलांना शिकवण्याचा निर्णय घेणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. मागणी एवढीच की गाव हद्दीत घेण्यापूर्वी त्याची शेतीची नोंद पूर्ण व्हावी. कोणती माती, कोणत्या विहिरी आणि ताल, पाण्याचे उतार कसे, पिके आणि किडी कोणत्या, शेतांची स्थानिक नावे काय, हे त्या गावच्या जाणत्यांना विचारून लिहून ठेवावे. हद्दीत आलेल्या वॉर्डांसाठी शेतीचा एक जबाबदार अधिकारी असावा आणि पिकाचा रकाना शेवटचा वाफा असेपर्यंत बंद करू नये.

हे काम झाशीत सुरू करणे सर्वांत सोपे आहे. १९६२ पासून चाऱ्यावर आणि १९८८ पासून कृषिवानिकीवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संशोधन संस्था या शहरात आहेत. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे केंद्रीय कृषी विद्यापीठही २०१४ पासून इथेच आहे. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने एका हंगामात दहाही दरवाजांबाहेरच्या उरल्यासुरल्या मळ्यांची पाहणी केली, तर आज कोणत्याच दप्तरात एकत्र नसलेली माहिती हाती येईल. ‘बाहेर दतिया गेट’ या पत्त्यावर अजून कोणी दोडका लावत असेल, तर त्या दोडक्यावरची कीड कोणत्या कार्यालयात सांगायची, याचे उत्तर त्याला मिळायला हवे.