संसारातला 'च' आणि 'ही'



"आमचे विचारच जुळत नाहीत हो!" लग्नाला दोन वर्षे झालेली सून असे म्हणते आणि चाळीस वर्षे झालेली सासूही. मला वाटते, विचार न जुळण्यापेक्षा एकमेकांबद्दल आपण कसा विचार करतो, यावर संसारातले समाधान जास्त अवलंबून असते.

रोजचेच उदाहरण घ्या. घरात सूर्यास्तापूर्वी जेवायचा नियम आहे. ताट वाढून ठेवले, दिवस मावळला, तरी हे दुकानातून आले नाहीत. फोनही नाही. 'यांना माझ्या कष्टांची किंमतच नाही, स्वभावच तसा' हा एक विचार. 'ऐनवेळी गिऱ्हाईक आले असेल, आल्यावर विचारते' हा दुसरा. घटना एकच, पण पुढची रात्र कशी जाणार हे इथेच ठरते.

फ्रँक फिंचम आणि थॉमस ब्रॅडबरी या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये अशा अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. जोडीदाराच्या चुकीचे कारण जी माणसे त्याच्या स्वभावात किंवा हेतूत शोधतात, ती संसारात कमी समाधानी असतात, असे त्यात दिसले. नाते कडवट झाले की चांगल्या गोष्टीचाही अर्थ उलटा लागतो. नवऱ्याने चहा करून दिला, तर वाटते, 'आज काहीतरी काम असणार माझ्याकडे!'

आपल्याला हे नवीन नाही. नय म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एक बाजू. तीच खरी मानून बाकीच्या नाकारल्या, की तो दुर्नय. 'असेच आहे' हा एकांत, 'असेही आहे' हा अनेकांत. आंधळे आणि हत्तीची गोष्ट आपण मुलांना पाठशाळेत शिकवतो, पण स्वयंपाकघरात 'तुम्ही नेहमीच', 'तुम्ही कधीच', 'तुम्ही असेच' हे तीन 'च' सहज तोंडात येतात.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगते. अनेकांत म्हणजे निमूट सोसणे नव्हे. मारहाण, व्यसन, चारचौघांत अपमान यांना 'दुसरी बाजू' म्हणून झाकू नका. तिथे अहिंसाच आधी, आणि ती स्वतःच्या जिवालाही लागू आहे. शिवाय समजून घेण्याचा नियम एकट्या सुनेला लावला, तर तोही एकांतच झाला. मुलींना शिकवतो, तितकेच मुलांनाही शिकवायला हवे.

क्षमावाणीला आपण ओळखीच्या सगळ्यांची क्षमा मागतो. घरातल्या माणसाविषयी मनात बांधलेला ग्रह मात्र वर्षानुवर्षे तसाच राहतो. यंदा त्यातला एक तरी 'च' सोडून पाहू, आणि मनाशी निकाल लावण्याआधी त्यांनाच विचारू, "उशीर का झाला?"